नसलेल्या आजीची गोष्ट: उत्तर-आधुनिक विचार आणि आपला धंदा

कोरा कागद

गेल्या महिन्यात एका बॅगा विकणाऱ्या कंपनीसाठी मी एक आजी तयार केली.

झालं असं. मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. कंपनी तीन वर्षांची, दोन भागीदार, दोघंही आधी सॉफ्टवेअरमध्ये. बॅगा बाहेरून शिवून घेतात, स्वतःचं शिवणयंत्र एकही नाही. बॅगेला अडकवायच्या पुठ्ठ्याच्या टॅगवर 'आमची गोष्ट' म्हणून साठ शब्द हवे होते. मी खरं होतं तेच लिहून पाठवलं: दोघांना मनासारखी टिकाऊ बॅग मिळेना, म्हणून स्वतःच करायला घेतली. उत्तर आलं, "छान आहे, पण थोडं जुनं वाटू दे." दुसऱ्या खर्ड्यात शिवणयंत्र आलं. तिसऱ्यात यंत्रावर कुणाची तरी आजी येऊन बसली. चौथ्यात आजीला चष्मा लागला आणि मजकूर मंजूर झाला.

त्याच दुपारी शेजारच्या टेबलावर आमचा डिझायनर टॅगवरचा गोल शिक्का करत होता. शिक्का स्वच्छ उमटला होता. त्याने तो पडद्यावर मोठा केला, एका कडेची शाई खरवडली, दुसऱ्या कडेला थोडी पसरवली, जरा मागे सरकून बघितलं आणि फाइलला नाव दिलं 'डाग अंतिम ३'. घाईत हाताने मारलेल्या शिक्क्याचा तो डाग आता पाच हजार टॅगांवर तंतोतंत एकसारखा छापला जाणार.

एमएला आम्हाला उत्तर-आधुनिकतावाद होता. ल्योतार, देरिदा, बोद्रिआर, सगळे फ्रेंच विचारवंत. पाठ केलं, पास झाले, विसरले. तो डाग बघताना पहिल्यांदा बोद्रिआर कळला. मूळच नसलेली नक्कल म्हणतो तो, ती ही.

थोडी उजळणी केली. ल्योतारचं प्रसिद्ध पुस्तक मुळात एक सरकारी अहवाल होता. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेने प्रगत समाजांत ज्ञानाची स्थिती काय आहे हे त्याला विचारलं होतं, १९७९ मध्ये ते छापून आलं. त्यातलं गाजलेलं म्हणणं असं की महाकथनांवरचा, म्हणजे 'विज्ञान सगळ्यांना मुक्त करणार', 'इतिहास पुढेच जाणार' असल्या सगळ्यांना कवेत घेणाऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडणं हीच उत्तर-आधुनिक अवस्था.

ठीक. पण गोष्टींवरचा विश्वास उडाला असेल तर मला पगार कशाचा मिळतो? माझ्या आधीच्या पिढीतले लोक 'मजबूत, टिकाऊ, स्वस्त' लिहायचे. मी आजी लिहिते. आणि आजीवर विश्वास न ठेवणाऱ्या हुशार गिऱ्हाइकासाठी वेगळा माल असतो: 'आम्ही जाहिरात करत नाही' ही जाहिरात. २०११ मध्ये पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये अख्खं पान घेऊन स्वतःच्याच जाकिटाखाली 'हे जाकीट विकत घेऊ नका' असं छापलं. हेतूबद्दल मला शंका नाही, कपडे दुरुस्त करून वापरा असं ते आधीपासून सांगत आले आहेत. पण पुढच्या वर्षी विक्री वाढली.

तर प्रश्न असा. हा विचार विद्यापीठातून धंद्यात शिरला आणि त्याने धंदा बदलला, की धंदा आधीपासून तिथेच होता आणि पंडित उशिरा पोचले? तुमच्या कामात हे कुठे दिसतं? पुस्तकी नको, टेबलावरचं सांगा.

रिकामटेकडा

आजीचं नाव काय ठेवलंत?

कोरा कागद

नाव मुद्दाम दिलं नाही. नाव दिलं की कुणीतरी शोधतं.

नटबोल्ट

मी कारखान्यात उत्पादन बघतो. माझं उत्तर एका ओळीचं आहे: बोल्टला गोष्ट सांगता येत नाही. आटे जुळले तर बसतो, नाही तर नाही. आजीने केलाय म्हणून सैल नट घट्ट बसत नाही.

हे सगळं 'सत्य म्हणजे एक रचना' प्रकरण मला रिकामपणाचे उद्योग वाटतात. १९९६ मध्ये ॲलन सोकल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने या मंडळींच्या एका नामवंत नियतकालिकाकडे एक बनावट निबंध पाठवला. क्वांटम गुरुत्वाकर्षण ही सामाजिक रचना आहे असं काहीतरी, त्यात सगळे फॅशनेबल शब्द पेरलेले. छापला त्यांनी! मग त्याने दुसऱ्या मासिकात जाहीर केलं की गंमत केली होती. माझ्यापुरता विषय तिथे संपला.

जुनी पेन्सिल

नटबोल्ट, सोकलचा दाखला रास्त आहे. मी पस्तीस वर्षं साहित्य शिकवलं आणि त्यातली निदान दहा वर्षं असले निबंध तपासण्यात गेली, तेव्हा तुमचा वैताग मला परका नाही. खुद्द ल्योतारनेही नंतर कबूल केलं होतं की ते पुस्तक त्याच्या सगळ्या पुस्तकांत वाईट आहे. विज्ञानाबद्दल त्यात लिहिलेलं पुरेशा अभ्यासाने लिहिलं नव्हतं.

पण त्या अहवालातला एक भाग फारसं कुणी वाचत नाही, आणि तो नेमका तुमच्या कारखान्याबद्दल आहे. मोठ्या गोष्टी गेल्यावर ज्ञानाची किंमत कशाने ठरणार? त्याचं उत्तर: कार्यक्षमतेने. किती घातलं, किती निघालं. 'हे खरं आहे का?' हा प्रश्न मागे पडेल, 'याचा उपयोग काय, हे विकलं जाईल का?' हा पुढे येईल. ज्ञान विकण्यासाठीच तयार होईल आणि एकेकाळी जमिनीसाठी लढली तशी राष्ट्रं माहितीसाठी लढतील. हे संगणक घरोघरी पोचायच्या आधी लिहिलेलं आहे.

म्हणजे बोल्टला गोष्ट सांगता येत नाही हे खरं, पण बोल्टविषयीच्या आकड्याला येते. तुमच्याकडे महिन्याचा अहवाल कोण बनवतं?

नटबोल्ट

सर, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

सांगतो. मी आधी जिथे होतो तिथे 'वेळेवर पुरवठा' हा आकडा भिंतीवर मोठ्या पडद्यावर असायचा. कायम ९७-९८ टक्के, हिरवा. आणि गिऱ्हाइकांचे फोन मात्र थांबत नसत. मी नवीन होतो, मला कळेना. शेवटी एका संध्याकाळी डिस्पॅचच्या मुलाशेजारी बसून बघितलं. ऑर्डरमध्ये तारखेचे दोन रकाने: गिऱ्हाइकाने मागितलेली आणि आपण कबूल केलेली. आकडा दुसऱ्या रकान्यावरून निघायचा. माल लांबणार असं दिसलं की तो मुलगा आदल्या दिवशी दुसरी तारीख पुढे ढकलायचा. मग माल 'वेळेवर' जायचा. त्याला कुणी खोटं बोल म्हणून सांगितलं नव्हतं. पडदा लाल झाला की मीटिंग लागते एवढंच त्याला ठाऊक होतं.

मी हे वर सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "पण आपण कबूल केलेल्या तारखेलाच तर देतोय ना?" आणि शब्दशः बघितलं तर बरोबर होतं!

तळटीप

यालाच गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, १९७५. तो चलनपुरवठ्याबद्दल बोलत होता, पण सगळीकडे लागू पडतं: माप हेच उद्दिष्ट झालं की ते माप म्हणून निकामी होतं.

जुनी पेन्सिल

आणि बोद्रिआर याहून एक पाऊल पुढे जातो. तो म्हणेल की पडदा खोटं दाखवत नव्हता. पडद्याआडचा कारखाना आता पडद्याप्रमाणे चालू लागला होता. आधी प्रदेश असतो, मग त्याचा नकाशा काढतात. इथे नकाशा आधी आला आणि प्रदेश त्याच्यामागून धावतोय. नटबोल्ट, तुम्ही हे जगलात, आम्ही नुसतं शिकवलं.

नटबोल्ट

मला तुमच्या पंथात ओढू नका. मी तो रकाना बदलून घेतला, तेव्हा आकडा ७१ वर आला. म्हणजे खरा आकडा होता, कुठेतरी होता. 'सगळेच नकाशे' म्हणून मी हात वर केले असते तर तो सापडला नसता.

काटकोन

वाचतोय. आर्किटेक्ट आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आमच्या क्षेत्रात आधुनिकतेच्या मरणाची चक्क वेळ नोंदवलेली आहे. चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने लिहिलं की आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास सेंट लुइसमध्ये वारली. तिथल्या प्रुइट-आयगो नावाच्या सरकारी वसाहतीतल्या इमारती सुरुंगाने पाडल्या गेल्या. प्रत्येकी अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी, बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. सरळ रेषा, एकसारख्या खिडक्या, 'सगळ्यांसाठी एकच उत्तम घर' हे आमचं महाकथन त्या दिवशी धुळीला मिळालं, असं कॉलेजात शिकवतात.

गंमत अशी की पहिला सुरुंग त्याआधीच, मार्चमध्ये लागला होता. ती मिनिटासकटची वेळ म्हणजे समीक्षकाने घेतलेली सवलत. आणि वसाहत रेषांमुळे मेली हेही अर्धसत्यच. देखभालीचा खर्च भाड्यातून निघेल असा हिशेब होता. शहराची लोकसंख्या घटत गेली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट बंद पडल्या, दुरुस्तीला पैसे नाहीत. एवढं सगळं सांगण्यापेक्षा 'आधुनिकता मेली' सांगायला सोपं. कोरा कागद, तुमच्या आजीसारखंच आहे हे. महाकथनांचा अंत झाला हे सांगायलासुद्धा एक सुबक कथन लागलं.

त्यानंतर काय आलं? आधुनिक वास्तुकलेतल्या मीज व्हान डेर रोहचं 'कमी तेच अधिक' सोडून अमेरिकन आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंटुरीचं 'कमी म्हणजे कंटाळा' आलं. व्हेंटुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि त्यांचे सहकारी लास व्हेगासच्या रस्त्यांचा अभ्यास करायला गेले आणि तिथल्या झगमगीत पाट्यांकडे नाक न मुरडता बघितलं. त्यांनी इमारतींचे दोन प्रकार पाडले. एक 'बदक', म्हणजे इमारतीचा आकारच तिचा अर्थ सांगतो. दुसरी 'सजवलेली शेड', म्हणजे मागे साधा डबा आणि पुढे मोठी पाटी. मला आजही हे फार उपयोगी वाटतं. कारण बहुतेक कंपन्या सजवलेल्या शेड आहेत. मागे तोच डबा, बाहेरून शिवून घेतलेल्या त्याच बॅगा. फरक पाटीचा.

न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची गगनचुंबी इमारत १९८४ मध्ये पुरी झाली. फिलिप जॉन्सनने तिच्या डोक्यावर जुन्या लाकडी कपाटाला असते तशी नक्षीदार कमान ठेवली, मधोमध गोल खाच. म्हणजे काचेच्या डब्यांच्या शहरात एक भलंमोठं कपाट. लोक हसले, चिडले, मग प्रेमात पडले आणि २०१८ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. एका ताकदवान कंपनीने 'आम्ही स्वतःला फार गंभीरपणे घेत नाही' असं दगडात सांगितलं. १९८४ च्याच पहिल्या दिवशी मक्तेदारीच्या खटल्यातल्या तडजोडीनुसार त्या कंपनीचे तुकडे झाले होते, हा आणखी वेगळा विनोद.

रिकामटेकडा

काटकोन नाव आणि प्रतिसाद एवढा वळणदार!

उंबरा

मनुष्यबळ विभागातून लिहिते. इमारतींचं माहीत नाही, पण संस्थेचा आराखडाही असाच सुरुंगाने उडवलेला मी पाहिलाय.

एका ठिकाणी आम्ही पदं काढून टाकली. "इथे कुणी बॉस नाही, सगळे समान, प्रत्येकाचं सत्य महत्त्वाचं." ऐकायला सुंदर. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीला चार दिवस रजा हवी होती आणि ती मंजूर कोण करणार हे कुणालाच सांगता येईना. तिने गटावर टाकलं. सगळ्यांनी अंगठा दाखवला. एकाने दाखवला नाही. आणि ती रजेवर गेली नाही, कारण तो एक कोण होता हे सगळ्यांना माहीत होतं. पद गेलं होतं, वजन तिथेच होतं.

अमेरिकन स्त्रीवादी जो फ्रीमनने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं: रचना नाकारली म्हणून ती नाहीशी होत नाही, ती अदृश्य होते, आणि अदृश्य सत्तेला जाब विचारता येत नाही. तिने हे स्त्रीमुक्तीच्या गटांतल्या अनुभवावरून लिहिलं, पण आता स्टार्टअपवाल्यांना वाचायला द्यावं असं आहे.

मीमवाला

तुम्ही सगळे फार दुःखी आहात. मला हा काळ आवडतो.

मी मीम बनवतो, त्यावर पोट भरतो. कुणाचातरी फोटो, दुसऱ्या कुणाचं वाक्य, तिसऱ्याने जोडलं, चौथ्याने उलटं केलं, माझ्याकडे आलं तेव्हा मूळ कोण हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. लेखक मेला म्हणतात ना? आमच्याकडे तो जन्मालाच येत नाही. यात मजा आहे आणि एक प्रकारची लोकशाहीही आहे. पूर्वी 'संस्कृती' म्हणजे काय हे दहा संपादक ठरवायचे.

आणि गंमत म्हणून केलेल्या गोष्टींना किंमत येते याचं तुम्हाला एवढं वाईट का वाटतं? डोजकॉइन हे डिजिटल चलन २०१३ मध्ये दोन इंजिनिअरांनी क्रिप्टोची टर उडवायला काढलं, वर कुत्र्याचा फोटो. २०२१ मध्ये त्याचं बाजारमूल्य काही काळ ८० अब्ज डॉलरच्या वर होतं. बँक्सी या निनावी चित्रकाराचं तर माहीतच आहे. २०१८ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात फुग्यावाल्या मुलीचं चित्र सुमारे दहा लाख पौंडांना गेलं, हातोडा पडला आणि चौकटीत लपवलेल्या यंत्राने चित्र खालून कापायला सुरुवात केली. अर्ध्यावर अडकलं. लोकांचे चेहरे बघा त्या व्हिडिओत! बाजाराच्या तोंडात मारलेली सगळ्यात भारी चपराक.

तळटीप

चपराकीचा पुढचा हिशेबही सांगा की. तेच अर्धवट कापलेलं चित्र २०२१ मध्ये त्याच लिलावघरात १ कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेलं. चपराक मारली, गालाने पावती दिली.

मीमवाला

हाहा. मान्य. तरी बघायला मजा आली.

जुनी पेन्सिल

मीमवाला, लेखकाच्या मृत्यूबद्दल एक अवांतर. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने तो १९६७ मध्ये जाहीर केला. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत नसून वाचकात जुळतो, असं त्याचं म्हणणं. पण लेखक मेला तरी त्याचा वकील जिवंत होता. १९९१ मध्ये एका रॅप गायकाने जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला झाला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली! तोवर त्या संगीतातले लोक एकेका गाण्यात डझनावारी जुने तुकडे सर्रास वापरत. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी, प्रत्येकाची फी. एक अख्खी शैली त्यामुळे बदलली. सिद्धांताने कुंपण पाडलं असं आपण म्हणतो, पण वहिवाट कोर्टात ठरते.

आणि तुमची ती टर. अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेम्सनने एक भेद केला आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. विडंबनात एक दंश असतो, कारण विडंबनकाराला 'खरं कसं असायला हवं' याची कल्पना असते. नुसत्या नक्कलेत तो दंश नसतो. जुन्या शैलीचा मुखवटा, आत हसू नाही. मला कोरा कागद यांचा तो शिक्क्याचा डाग या दुसऱ्या प्रकारातला वाटतो. तो जुन्या शिक्क्यांना हसत नाही, त्यांच्यावर प्रेमही करत नाही. फक्त वापरतो.

नटबोल्ट

हे मात्र पटलं.

हिशेबनीस

मूळ प्रश्न कुणी उचललेला दिसत नाही: विचाराने धंदा बदलला की उलट?

मला वाटतं उलट. १९८५ घ्या. कोका-कोलाने चव बदलली. नाव-डोळे झाकून सुमारे दोन लाख लोकांना चाखवून बघितलं होतं, नवीन चव जास्त आवडत होती. आधुनिक पद्धत, पुरावा, आकडे, सगळं चोख. २३ एप्रिलला बाजारात आणली, लोक पेटून उठले आणि ७९ दिवसांनी जुनी चव परत आणावी लागली. लोक पेय पीत नव्हते, आठवण पीत होते. आता त्या अधिकाऱ्यांनी काय बोद्रिआर वाचला होता? तो १९७० पासून सांगत होता की माणूस वस्तू घेत नाही, वस्तूचं चिन्ह घेतो. कंपनीने तेच लाखो डॉलर घालवून शिकून घेतलं. त्यानंतर मार्केटिंगच्या प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात 'उत्तर-आधुनिक ग्राहक' वगैरे निबंध लिहिले.

आणि याहून काळी बाजू. एका अमेरिकन सिगारेट कंपनीचं १९६९ चं अंतर्गत टिपण पुढे उघडकीला आलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की शंका हेच आमचं उत्पादन आहे, कारण लोकांच्या मनात जमलेल्या तथ्यांशी टक्कर द्यायचा तोच उत्तम मार्ग. सिगारेट घातक आहे हे खोडून काढायची गरज नव्हती. 'शास्त्रज्ञांत मतभेद आहेत' एवढं वातावरण ठेवलं की पुरे. म्हणजे ल्योतारच्या अहवालाच्या दहा वर्षं आधी 'कुठल्याच मोठ्या सत्यावर विश्वास ठेवू नका' हा माल कारखान्यात तयार होत होता.

तेव्हा पंडितांना फार दोष देऊ नका आणि फार श्रेयही देऊ नका.

कोरा कागद

हिशेबनीस, या प्रतिसादावर मी दोन दिवस अडकले होते, म्हणून उशीर.

शंका दोन प्रकारची असते असं वाटतंय. नटबोल्ट डिस्पॅचच्या मुलाशेजारी बसले ती एक. पडद्यावरचा आकडा कुणी, कुठल्या रकान्यावरून, कुणाच्या सोयीसाठी काढला हे त्यांनी विचारलं. फ्रेंच विचारवंत फूको आयुष्यभर हेच तर करत होता, तुरुंगांच्या आणि इस्पितळांच्या कागदपत्रांत बसून. नटबोल्ट रागावतील, पण ते त्या संध्याकाळी पक्के उत्तर-आधुनिक होते. आणि सिगारेटवाल्यांची शंका दुसरी. तिला रकाना शोधायचाच नसतो. 'कोण जाणे, प्रत्येकाचं आपापलं' असं म्हणून विषय बंद करायचा असतो. शब्द दोन्हीकडे तेच. एकीने काम वाढतं, दुसरीने टळतं.

आणि माझं काम बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतं. आजीमुळे 'बॅगा कोण शिवतं?' हा प्रश्नच गिऱ्हाइकाच्या डोक्यात येत नाही. तिची नेमणूकच त्यासाठी झाली होती. हे लिहिताना मला कळलं नव्हतं.

नटबोल्ट

रागावलो नाही. पण उत्तर-आधुनिक म्हणू नका, ऑडिटर म्हणा.

बॅगा कोण शिवतं, तुम्ही विचारलं का त्यांना?

कोरा कागद

विचारलं. आधी त्यांनाही नीट माहीत नव्हतं, मधे एक कंत्राटदार आहे. मग कळलं: चौदा जणी, एका शेडमध्ये, सगळ्यांत जुनी बाई एकोणीस वर्षं शिवतेय. आजी नाही, चाळिशीची आहे.

उंबरा

मग तिचंच लिहा की!

काटकोन

उंबरा, थांबा. तिचं लिहिलं की ती 'बदक' होणार, माणूसच पाटी. मग तिचा फोटो, तिचं हसू, तिच्या हातांचा जवळून व्हिडिओ. तिला विचारायला हवं आधी. आणि पैसेही द्यायला हवेत, मॉडेलला देतात तेवढे.

मीमवाला

नाही तर लोक म्हणतील ही बाईही बनवलेली आहे. खरं सांगितलं तरी आता कुणाला पटणार? हा तुमच्या धंद्याने केलेला घोळ आहे, कोरा कागद, माझ्या मीमांनी नाही.

कोरा कागद

खरंय.

काय झालं ते सांगून टाकते. त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव नको, फोटो नको, शिलाईचा दर वाढवून मिळत असेल तर बघा. मी ते तसंच भागीदारांना कळवलं. दरावर अजून काही ठरलेलं नाही. पण आजी काढली. टॅगवर आता तीन ओळी आहेत: कंपनी किती वर्षांची, बॅगा किती जणी शिवतात, उसवली तर कुठे पाठवायची.

भागीदारांना सुरुवातीला कोरडं वाटलं. मग त्यांच्या मार्केटिंगच्या मुलाने ते वाचलं आणि उडालाच. म्हणाला, "हे जबरदस्त आहे, आपण यावरच मोहीम करू: 'आमची कुठलीही गोष्ट नाही'." सोमवारी मला त्याच्या जाहिराती लिहायच्या आहेत. बारा वेगवेगळ्या.

रिकामटेकडा

आणि डाग?

कोरा कागद

डाग ठेवलाय. टॅग आधीच छापायला गेले होते.